खोली नंबर तीनमधली मुलाखत

माणूस म्हणजे काय हो, शेवटी एक द्रावणच! नीट निरीक्षण करा, टप्प्याटप्प्यानं तपासा, आत काय विरघळलंय ते बरोबर कळतं. मी रसायनशास्त्राची पदवीधर. दोन वर्षं प्रयोगशाळेत बाटल्या हलवल्या, मग नोकरी सोडली आणि समाजकार्याच्या पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. वर्गातल्या मुली माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान! पण त्यांना 'निरीक्षण' शिकावं लागणार होतं, मला ते येत होतं. असा माझा समज होता.

घरात मात्र सगळ्यांनी कपाळावर हात मारला. आई अजूनही शेजाऱ्यांना सांगते, "ती लॅबमध्येच आहे, जरा रजेवर आहे." आणि दादा तर विचारूच नका.

"जिला पांढऱ्या पावडरीतलं मीठ ओळखायला तीन तास लागायचे, ती आता माणसं ओळखणार!"

"गुरुवारी माझी पहिली मुलाखत आहे," मी म्हणाले. "तेव्हा बघच!"

मुलाखत म्हणजे खरीखुरी. कौटुंबिक सल्ला केंद्रात जायचं, एका सेवार्थीशी बोलायचं (सेवार्थी म्हणजे ज्यांची अडचण ऐकायची ते), शेवटी फॉर्मवर त्यांची सही घ्यायची आणि शुक्रवारी अहवाल द्यायचा. तो दिला नाही तर क्षेत्रकार्यात, म्हणजे आमच्या प्रात्यक्षिकात, नापास, आणि क्षेत्रकार्यात नापास म्हणजे अख्खं वर्ष परत. मग दादाला जन्मभर पुरेल एवढा दारूगोळा!

आमच्या मॅडमनी नियम दिले होते. नाव-गाव-वय असं पोलिसासारखं विचारायचं नाही. वही-पेन आधी बाहेर काढायचं नाही. सल्ला द्यायचा नाही. समोरच्याच्या मनातलं त्याच्याच शब्दांत त्याला परत सांगायचं. आणि शांतता पसरली तर ती मोडायची नाही, ती सेवार्थीची असते. मी हे सगळं आम्ल-अल्कलीच्या तक्त्यासारखं पाठ केलं. आदल्या रात्री झोपच आली नाही, त्यामुळे सकाळी डोळ्यांखाली शाईचे डाग पडल्यासारखं दिसत होतं. असो.

पावणेअकराला केंद्रावर पोचले. खिडकीतले कारकून काहीतरी शिक्के मारत होते.

"अकराची मुलाखत," मी म्हणाले.

"तीन नंबर," ते मान वर न करता म्हणाले. "आत बसा. दुसरे आले की पाठवतो."

खोली छोटीशी. एक टेबल, दोन खुर्च्या, घड्याळ, आणि खिळ्याला लटकवलेली एक पाटी, 'मुलाखत सुरू आहे'. मी टेबलावर कागदी रुमाल ठेवले, सेवार्थीला रडू आलं तर असावेत म्हणून.

अकराला पाच कमी असताना दार उघडलं. साठीचे एक गृहस्थ. शर्टाचं एक बटण चुकलेलं, डोळे लाल, हातात कापडी पिशवी. मला बघून दारातच थबकले आणि असं हसले, जणू दवाखान्यात कुणाला भेटायला आलेत. बिचारे! माझ्यातली रसायनशास्त्रज्ञ कामाला लागली. निरीक्षण: झोप नाही. अनुमान: घरात कलह. मी लगबगीनं उठले, ती पाटी दाराबाहेर लावली आणि दार घट्ट ओढून घेतलं.

"बसा ना, काका."

"तुम्ही आधी बसा," ते म्हणाले. "तुम्हाला बरं वाटेल तसं बसा."

दोघंही बसलो.

"यायला त्रास नाही ना झाला?" दोघांनी एकदमच विचारलं. मग दोघंही म्हणालो, "नाही, नाही."

त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि माझ्यापुढे सरकवली. मी कागदी रुमाल त्यांच्यापुढे सरकवले. त्यांनी ते अलगद परत माझ्याकडे सरकवले. बुद्धिबळाचा डाव मांडल्यासारखं वाटायला लागलं.

"आज कसं वाटतंय?" मी विचारलं.

"तुम्हाला कसं वाटतंय?"

"काका, तुम्ही प्रश्नाला प्रश्नानंच उत्तर देताय, असं मला जाणवतंय."

"म्हणजे मी प्रश्नाला प्रश्नानं उत्तर देतोय, असं तुम्हाला जाणवतंय."

"हो."

"आणि त्यामुळे तुम्हाला अस्वस्थ वाटतंय."

"मला नाही, तुम्हाला अस्वस्थ वाटतंय!"

"मला अस्वस्थ वाटतंय, असं तुम्हाला वाटतंय."

आता सांगा, अशा माणसाचं काय करायचं? मी द्रावणात थेंब टाकतेय आणि द्रावण तोच थेंब मला परत करतंय! डोकं गरगरायला लागलं. मी गप्प झाले. तेही गप्प झाले. शांतता सेवार्थीची असते, म्हणून मी ती मोडली नाही. त्यांनीही मोडली नाही. घड्याळानुसार ही शांतता सात मिनिटं टिकली. आम्ही एकमेकांकडे बघून हसत होतो, फोटोवाला 'झालं' म्हणायचं विसरून गेल्यासारखे.

तेवढ्यात दारावर टकटक.

"मुलाखत चालू आहे!" मी ओरडले.

"जरा थांबा हं, बाहेर!" काकाही ओरडले.

मी चमकले. सेवार्थी कशाला लोकांना थांबवेल? मग उलगडा झाला. हं! पूर्वी कुठेतरी साहेब असणार. आता घरात कुणी ऐकत नाही, म्हणून इथे अधिकार गाजवतायत. बरोबर जुळलं! (विज्ञानाची हीच गंमत आहे. चुकीचं गृहीतक असलं तरी निरीक्षणं भराभर जुळतात.)

"घरी कोण कोण असतं?" काकांनी एकदम मायेनं विचारलं.

खरं तर हा माझा प्रश्न! पण म्हटलं, आपण थोडं मोकळं झालो तर तेही होतील. सांगायला लागले. आई शेजाऱ्यांना काय सांगते, दादा काय बोलतो, बरोबरच्या मुली मला 'मावशी' म्हणतात, आणि कधीकधी आपण चूक तर नाही ना केली, असं कसं वाटतं. चूक कसली, ते सांगितलंच नाही, कारण सेवार्थीपुढे आपला अभ्यास मिरवायचा नसतो. बोलता बोलता काय झालं कुणास ठाऊक, माझेच डोळे भरून आले. काकांनी कागदी रुमाल पुढे केले. माझेच!

"तुम्हाला एकटं पडल्यासारखं वाटतं," ते म्हणाले.

"हो ना!" मी नाक पुसलं. "आता तुमचं सांगा."

काकांनी मोठा सुस्कारा सोडला. "माझी बायको सहा महिने धड बोलत नाही. म्हणते, या वयात हा कसला नाद!"

सापडलं! मी सावरून बसले.

"रोज?" मी हळूच विचारलं.

"रोज पहाटे दोन तास. ती झोपेत असताना."

"एकटेच?"

"एकटाच बरं पडतं. लक्ष लागतं."

पहाटे! उपाशीपोटी! माझ्या डोळ्यांपुढे त्यांच्या यकृताचा आलेख उभा राहिला.

"थांबवावंसं नाही वाटत, काका?"

"आता कसं थांबवू? अजून अडीच वर्षं बाकी आहेत. तीन वर्षं पुरी करायचीच, असा निश्चय केलाय."

इतक्या पद्धतशीर व्यसनी माणसाबद्दल आम्हाला कुठल्याच तासाला शिकवलं नव्हतं! बारा वाजायला दहा मिनिटं होती. म्हटलं, उरलेलं पुढच्या भेटीत, आधी सही घेऊ. मी पिशवीतून फॉर्म काढला.

काकांनीही पिशवीतून फॉर्म काढला.

दोन्ही फॉर्म टेबलावर शेजारी शेजारी पडले. 'सेवार्थीची सही', माझ्या फॉर्मवर. 'सेवार्थीची सही', त्यांच्या फॉर्मवर. कॉलेजं तेवढी वेगळी.

"तुम्ही..." मी म्हणाले.

"पहिलं वर्ष," काका म्हणाले. "समाजकार्य. आधी ड्राफ्ट्समन होतो, निवृत्त झालो. म्हणजे तुम्ही पण..."

"म्हणजे पहाटे दोन तास..."

"अभ्यास! आणि तुम्ही खोलीत आधीपासून एकट्या बसलेल्या, डोळे असे खोल गेलेले..."

"तुमचं बटण!"

त्यांनी खाली बघितलं. "अरे देवा. रात्रभर झोप नाही, पहिलीच मुलाखत ना."

"मग सेवार्थी कुठे आहे?"

पुन्हा टकटक झाली, आणि या वेळी दार उघडलंच. पन्नाशीच्या एक बाई, गळ्यात शिंप्यांची मोजपट्टी, हातात चुरगळलेला कागद.

"तुमची भांडणं मिटली असतील तर मी आत येऊ का?" त्या म्हणाल्या. "अकरापासून बाहेर उभी आहे. दोनदा दार वाजवलं. म्हटलं, पाटी लावलीय, आत बाप-लेकीचं काहीतरी गंभीर चाललंय."

आम्ही दोघंही उठून उभे राहिलो. दोघांनी दोन खुर्च्या पुढे केल्या.

"मावशी, आज कसं वाटतंय?" मी म्हणाले.

"यायला त्रास नाही ना झाला?" काका म्हणाले.

"कसं वाटतंय?" मावशी भडकल्या. "घरमालकाला ऐकू येत नाही म्हणून आले मी! घरमालक म्हणजे आमचे हे. रखवालदार आहेत. फाटकावर गाडी वाजते ते ऐकू येत नाही, परवा साहेबांनी सांगितलं, यंत्र लावा नाहीतर दुसरा माणूस बघतो. कानाच्या यंत्राचा अर्ज आज बारापर्यंत द्यायचाय. चष्मा घरी राहिला, अक्षर मुंगीएवढं. सकाळी खिडकीवर विचारलं तर म्हणाले, तीन नंबरमध्ये शिकाऊ माणूस भरून देईल. त्यांना कानानं ऐकू येत नाही ते एक समजू शकते. तुम्हाला काय झालंय?"

बाराला आठ मिनिटं होती. नियम गेले उडत! काकांनी पेन उघडलं. नकाशावर लिहावं तसं त्यांचं अक्षर, एकेक घर भरत सुटले. मी नाव, वय, पत्ता धडाधड विचारत होते, अगदी पोलिसासारखं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची तारीख अर्जावर चुकली होती, ती मी पकडली. बाटलीवरची चिठ्ठी तीनदा वाचायची जुनी सवय, ती शेवटी इथे कामाला आली! तिघंही खिडकीकडे पळालो. कारकून खिडकी ओढून घेत होते. काकांनी फटीत कोपर घातलं.

"बारा वाजले," कारकून म्हणाले.

"एक मिनिट कमी आहे!" मी घड्याळ दाखवलं.

धप्प! पावतीवर शिक्का बसला. मावशींनी तो फुंकर मारून वाळवला आणि पावती ब्लाउजात ठेवली.

"मावशी, एक सही," आम्ही दोघंही फॉर्म पुढे करत म्हणालो.

"एका केसला एकच फॉर्म!" खिडकीच्या आतून आवाज आला.

मी काकांकडे बघितलं. काकांनी माझ्याकडे. "तुम्ही घ्या, घरी दादा आहेत," ते म्हणाले. "तुम्ही घ्या, घरी काकू आहेत," मी म्हणाले. हे पुन्हा सात मिनिटं चालणार, असं दिसल्यावर मावशींनी काकांच्या हातातला फॉर्म ओढला. "अर्ज ह्यांनी लिहिला. सही ह्यांना." आणि निघून गेल्या.

मी घरी येऊन अहवाल लिहिला. काय लिहिणार? जे झालं तेच, शब्द न शब्द, माझ्या नाक पुसण्यासकट. प्रयोग फसला तरी आकडे बदलायचे नसतात, एवढं विज्ञानानं शिकवलंय. शुक्रवारी मॅडमपुढे वही ठेवली आणि डोळे मिटले.

"सेवार्थीची सही कुठे आहे?" मॅडम म्हणाल्या.

"मिळाली नाही, मॅडम."

त्यांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. मध्ये दोनदा पदर तोंडाला लावला. मग लाल पेनानं खाली लिहून वही माझ्याकडे सरकवली. मी वाचलं:

'विद्यार्थिनी: उत्तीर्ण. पुढच्या वेळी पाटी लावण्याआधी बाहेर कोण आहे ते बघावे. सेवार्थी: पाठपुरावा आवश्यक. दर गुरुवारी, अकरा वाजता.'

"कुठली सेवार्थी, मॅडम?" मी गोंधळून विचारलं. "मावशींचं काम तर झालं."

"मावशी नाहीत," मॅडम म्हणाल्या. "तू."

दादाला मी एवढंच सांगितलंय की गुरुवारी माझी मुलाखत असते. ते खोटं नाही. समोर काका असतात, त्यांचेही क्षेत्रकार्याचे तास भरतात. पाटी आम्ही आता लावत नाही. आणि तुम्हाला म्हणून सांगते, कुणाला बोलू नका: तीन गुरुवार झाले, आणि मला खरंच जरा बरं वाटतंय!