तीन मिलिमीटर डावीकडचा बुडबुडा

किंमत सांगणाऱ्याची नसते, मागणाऱ्याची असते, असं निम्मे छातीठोकपणे सांगत. आणि नुसतं सांगून थांबत नसत, जमेल त्याला धरून शिकवत.

निम्मे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासायच्या आणि भरपाई किती द्यायची ते ठरवायचं, हे त्यांचं काम. गाडीवाला जो आकडा सांगेल त्याच्या बरोबर निम्म्यावर ते बोट ठेवत. दरवाज्याला पडलेला पोचा ते अशा नजरेने बघत, की गाडी कारखान्यातून तशीच आली होती की काय, अशी मालकालाच शंका यावी. त्यावरून ऑफिसात नाव पडलं, आणि ते त्यांना आवडतही असे.

घरी त्यांच्याकडे काचेची एक्केचाळीस पेपरवेटं होती. कपाटात, कुलपात. त्यातल्या एकाखालीही आजवर कागद गेलेला नव्हता. खिडकी उघडली की घरभर बिलं उडत आणि बायको त्यांच्यामागे धावे, पण कपाटाला हात लावायची सोय नव्हती.

बेचाळिसावं त्यांना एका सोमवारी लिलावाच्या साइटवर दिसलं. हिरवी काच, आत पानासारखी वळलेली पांढरी रेघ आणि हवेचा एक बुडबुडा, आणि किंमत चार हजार. दीड हजाराच्या वर त्याला कोणी हात लावला नसता. पण निम्म्यांचा जीव त्या पानात अडकला. मुदत रविवारपर्यंत होती.

आता, या छंदातल्या लोकांची एक रीत असते. पडेल भाव सांगावा, त्यात गैर काही नाही. पण एकदाच सांगावा, अर्ध्याच्या खाली जाऊ नये, वस्तूला नावं ठेवू नयेत आणि आपली रडकथा लावू नये. साइटवर जुन्याजाणत्यांनी ती लिहूनच ठेवली होती. निम्म्यांच्या मते हे नियम ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी होते. त्यांनी एका आठवड्यात चारही मोडले.

मंगळवारी त्यांनी हजार देऊ केले आणि सोबत पाहणीचा अहवाल जोडला. बुडाला ओरखडे दोन. काचेत हलकी पिवळट झाक. बुडबुडा मध्यापासून तीन मिलिमीटर डावीकडे, म्हणजे कारागिराचा हात हललेला. फोटो मोठा करून, स्क्रीनवर पट्टी लावून त्यांनी तो मोजला होता. विकणाऱ्या बाईंचं उत्तर आलं, "विचार करून सांगते."

बुधवार गेला. बाई विचारच करत होत्या. गुरुवारी निम्म्यांना राहवेना. त्यांनी एक डाव रचला, आणि तो सुचल्याबद्दल आरशात बघून स्वतःला शाबासकीही दिली. दुसऱ्या कोणीतरी याहून कमी, सहाशेच देऊ केले, की आपले हजार कसे भरघोस दिसतील! त्यासाठी दुसरं खातं हवं, आणि खात्याला दुसरा फोन नंबर. बायको आंघोळीला गेली होती आणि तिचा फोन टेबलावर होता. दोन मिनिटांत तिच्या नावाचं खातं तयार झालं.

नुसत्या सहाशेकडे बाई ढुंकूनही बघणार नाहीत, म्हणून त्यांनी चार ओळी लिहिल्या. माझ्या वडिलांच्या टेबलावर असंच हिरवं पेपरवेट होतं. गेल्या महिन्यात ते गेले. जवळ फक्त सहाशे आहेत. आता नाही म्हणताना बाईंचा जीव कळवळेल, आणि तशा कळवळलेल्या मनाने त्या हजाराला हो म्हणतील, असा हा हिशेब. सासऱ्यांना मारून निम्म्यांनी शांतपणे चहा घेतला आणि ऑफिसला गेले. संध्याकाळपर्यंत ते सगळं विसरूनही गेले.

शुक्रवारी दुपारी एका गॅरेजमध्ये ते गाडीखाली आडवे होऊन वाकलेला दांडा मोजत होते. तेवढ्यात बायकोचा फोन आला. ती इस्पितळात एक्स-रे काढायची. कामाच्या वेळी फोन बाहेर खणात असे. जेवणाच्या सुट्टीत तिने तो उघडला होता. तिला नीट बोलताही येत नव्हतं. बाबा गेले, एवढंच ती पुन्हापुन्हा सांगत होती.

निम्म्यांच्या हातातला टेप गळून पडला. ते गाडीखालून सरपटत बाहेर आले आणि एका टायरवर बसले. खोटं कशाला सांगा, त्यांना रडू आलं. सासऱ्यांवर त्यांची मनापासून माया होती. लग्नातला त्यांचा कोट त्याच शिंपी माणसाने शिवला होता, आणि पोट सुटलं तसा चार वेळा सैल करून दिला होता, तोही न बोलता.

"कोणी कळवलं?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"नंबर ओळखीचा नाही. 'तुमचे वडील गेल्याचं वाचून फार वाईट वाटलं', एवढंच दिसतंय. पुढचं वाचायला कुठलं तरी ॲप घ्या म्हणतात."

वाचून. निम्म्यांचे डोळे जागच्या जागी कोरडे झाले.

खरं सांगायची वेळ हीच होती. दोन वाक्यांत सगळं मिटलं असतं. फार तर महिनाभर अबोला झाला असता. पण माणसाला लाज वाटली की अक्कल आधी पळते.

"तू घाबरू नकोस," ते म्हणाले. "बाबा ठणठणीत आहेत."

"तुम्हाला कसं माहीत?"

"म्हणजे... असणारच."

बायकोने फोन ठेवला आणि वडिलांना लावला. सासरे त्या वेळी दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आ वासून बसले होते, आणि एक दाढ निघत होती. लेकीचं नाव दिसल्यावर त्यांनी प्रेमाने फोन उचलला. पलीकडून तिला फक्त घशातून आलेलं "ऊं... ऊं..." ऐकू आलं आणि मागे कोणीतरी म्हणालं, "हलू नका, आता संपतंच आलंय."

ती इस्पितळाचा पांढरा कोट अंगात तसाच ठेवून धावली. निम्मे गॅरेजमधून धावले. सासऱ्यांच्या दाराला कुलूप होतं. ते बघून बायको जिन्यातच बसली आणि ढसाढसा रडू लागली. वरच्या मजल्यावरच्या दोघी खाली आल्या, पाणी आणलं, पाठीवरून हात फिरवला. एकीने निम्म्यांना बाजूला घेऊन विचारलं, "कशाने गेले हो?" ते म्हणाले, "अचानक."

आणि तेवढ्यात सासरे जिना चढत वर आले. एक गाल फुगलेला, तोंडात कापसाचा बोळा, हातात औषधांची पिशवी. रडणारी लेक, पाण्याचा तांब्या, खाली मान घातलेल्या शेजारणी, सगळं त्यांनी एकवार बघितलं आणि तेही घाबरले. कोण गेलं, असं त्यांनी खुणेने विचारलं. डॉक्टरांनी तासभर बोलायला बंदी केली होती.

बायको त्यांच्या गळ्यात पडली. पुष्कळ वेळाने तिने मान वर केली आणि नवऱ्याकडे बघितलं. इतकी वर्षं ती माणसांच्या आतलं बघत आली होती. निम्म्यांनी तिथेच, दोन्ही शेजारणींसमोर, सगळं सांगून टाकलं. पेपरवेट, हजार, सहाशे, आंघोळ, खातं, चार ओळी. गाड्यांचे अहवाल लिहून सवय असल्यामुळे क्रमही चुकला नाही.

सासऱ्यांनी खिशातून डॉक्टरांची पावती काढली, मागच्या बाजूवर काहीतरी लिहिलं आणि जावयाच्या हातात दिलं.

'जावईबापू, मला मारून किती वाचले?'

निम्म्यांनी आयुष्यभर आकडे सांगितले होते. पण हजारातून सहाशे वजा, म्हणजे चारशे, हा आकडा काही त्यांच्या तोंडून बाहेर पडेना.

बायकोने ते ॲप घेतलं आणि पुढचं वाचलं. बाईंनी सहाशेला देऊ केलं होतं. येऊन घेऊन जा, तुम्हाला भेटायला आवडेल, असंही लिहिलं होतं आणि खाली पत्ता. खरं काय ते तिथे जाऊन तोंडाने सांगायचं, तेही उद्याच, असं बायको म्हणाली. सासऱ्यांनी पुन्हा पावती मागून घेतली आणि लिहिलं, 'मीही येतो. गेलेल्या माणसाने स्वतः जाऊन सांगितलेलं बरं.'

बाईंचं घर तळमजल्यावर होतं. पुढच्या खोलीत एक विझलेली छोटी भट्टी, लांब नळ्या आणि भिंतीवर काचेच्या कामाची हत्यारं. नवरा प्रयोगशाळांसाठी काचेची भांडी फुंकायचा. एकदा उरलेल्या काचेतून त्याने हे पेपरवेट केलं होतं. तो गेल्यावर मुलगी पसारा विकायच्या मागे लागली, तेव्हा बाईंनी चार हजार किंमत लावली. कोणी घेऊच नये म्हणून. पेपरवेट मऊ फडक्यात बांधून तयार होतं. त्यांनी आधी बायकोचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "वडिलांची जागा कोणी भरून काढत नाही, बाळ."

वडील तिच्या शेजारी फुगलेला गाल घेऊन उभे होते.

निम्म्यांनी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. पहिल्यापेक्षा हे अवघड गेलं, कारण तेवढा वेळ बाईंनी बायकोचा हात सोडला नाही.

शेवटी त्यांनी विचारलं, "पहिलं पत्रही तुमचंच?"

"हो."

"कारागिराचा हात हलला म्हणून लिहिणारे?"

"हो," निम्मे जमिनीला सांगावं तसे म्हणाले.

"मी मोजला तो बुडबुडा. तीनच मिलिमीटर आहे. चाळीस वर्षं घरात होता, मला कधी दिसला नाही. यांचा हात तेव्हाच थरथरायला लागला असणार, आणि मला बोलले नाहीत." बाई भट्टीकडे वळल्या. "पत्र लिहिणारा उद्धट आहे, म्हटलं, पण बघणारा आहे. हजार तर हजार, त्यालाच द्यावं असं ठरवत होते. तेवढ्यात ही बिनबापाची पोर आली."

निम्म्यांना वाटलं, त्या भट्टीत जागा असती तर बरं झालं असतं. त्यांनी पाकीट काढलं आणि पूर्ण चार हजार पुढे केले. बाई म्हणाल्या, सहाशे ठरले, सहाशेच. निम्मे म्हणाले, दोन हजार तरी घ्या. नाही. बरं, हजार? नाही म्हणजे नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी भाव वर नेण्यासाठी घासाघीस केली, आणि ते हरले.

"आणि तुम्हाला देणारही नाही," बाई सासऱ्यांकडे बोट दाखवत म्हणाल्या. "यांच्या नावाने मागितलं होतंत ना? मग यांनाच देते." त्यांनी फडकं सोडून पेपरवेट सासऱ्यांच्या हातावर ठेवलं. सासऱ्यांनी ते उजेडात धरलं, बुडबुडा शोधला आणि बराच वेळ बघत राहिले. शिंप्याचा हात म्हातारपणी कसा होतो, ते त्यांना कोणी सांगायला नको होतं.

ते पेपरवेट आता सासऱ्यांच्या टेबलावर असतं. एक्केचाळीस जणांना जे कधी मिळालं नाही ते त्याला मिळालं आहे; त्याच्याखाली कागद आहे. निम्मे दर रविवारी तिथे जातात. आत शिरल्यावर "बाबा, तब्येत कशी आहे?" असं विचारायची त्यांची वीस वर्षांची सवय होती. पण त्यानंतर ते विचारलं की बायको आधी त्यांच्याकडे बघायची, मग टेबलाकडे. म्हणून त्यांनी विचारणंच सोडलं आहे.

खालचा कागद म्हणजे तीच डॉक्टरांची पावती. सगळ्यात शेवटी, उरलेल्या जागेत, सासऱ्यांनी शिंप्याच्या बारीक अक्षरात लिहून ठेवलं आहे: 'माझ्यानंतर जावईबापूंना द्यावे. या वेळी वाट बघावी.'