अर्ध्या मार्काचं यमक

शिवराज उदगीरकरांनी लेकीचा मराठीचा पेपर तिसऱ्यांदा वाचला आणि चहाचा कप न पिताच खाली ठेवला. तिसरीतल्या रेणूला पन्नासपैकी साडेअठ्ठेचाळीस मिळाले होते. एक मार्क शुद्धलेखनात गेला होता, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तक्रार होती ती अर्ध्या मार्काची. ‘पाणी’शी यमक जुळणारा शब्द लिहा, असा प्रश्न होता. रेणूने लिहिलं होतं, ‘नानी’. त्यावर सावित्रीबाईंनी लाल फुली मारली होती.

“नानीला काय झालं?” शिवराज गरजले.

“मराठीत आजी म्हणतात म्हणे,” अनुराधा पोळी लाटत म्हणाली. “जाऊ द्या की. कायकू परेशान होताय?”

जाऊ देणं अवघड होतं. उदगीरकरांच्या तीन पिढ्या हैदराबादेत गेल्या होत्या. निजामाच्या काळात उर्दूतून शिकूनही आजोबांनी घरात मराठी राखली, हे शिवराज वीज खात्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या आठवड्यातच सांगत. आणि मराठीत पहिली आली कोण? एकोणपन्नास मार्कांची केतकी! वर्षापूर्वी पुण्याहून आलेली. तिचे वडील विजय कॉम्प्युटर कंपनीत होते. निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी ते सहज म्हणाले होते, “रेणूचं मराठी चांगलं आहे हो, इथल्या मानाने.”

त्या ‘इथल्या मानाने’पासून शिवराजना अन्न गोड लागत नव्हतं. अर्धा मार्क मिळाला, तर रेणू निदान बरोबरीत येणार होती.

दुसऱ्या दिवशी ते रेणूच्या नल्लकुंट्यातल्या इंग्रजी शाळेत गेले. सावित्रीबाई तिथे बावीस वर्षं मराठी शिकवत होत्या.

“शेवट कानाला सारखा लागला तर यमक,” बाई शांतपणे म्हणाल्या. “पाणीत ण आहे, नानीत न. वाणी, गाणी, राणी, काहीही चाललं असतं.”

“बाई, आमच्या घरी सगळे पानीच म्हणतात. पानी, नानी. जुळलं की नाही?”

“तुम्ही घरी पानी म्हणता, हा काही माझा दोष नाही.”

स्टाफरूममधल्या एक बाई फिसकन हसल्या. त्या हसल्या नसत्या, तर प्रकरण तिथेच मिटलं असतं.

शिवराज तडक हेडमिस्ट्रेसकडे गेले. हेडमिस्ट्रेसना मराठी येत नव्हतं. त्यांनी संस्थेचे सेक्रेटरी अप्पाराव यांच्याकडे पाठवलं. अप्पारावांनी ण आणि न कागदावर मोठे काढून घेतले, चष्मा लावून पाहिले आणि म्हणाले, “हमारे तेलुगू में प्रास दूसरे अक्षर का देखते. आप लोगां आखरी का देखते? अच्छा, अच्छा.” मग त्यांनी चष्मा काढला. “ये कंप्लेंट आप अकेले की है, या सब पेरेंट्स की?”

एकट्याची म्हणायला शिवराजना कमीपणा वाटला. “सब की,” ते म्हणाले.

“तो लिख के लाओ.”

अप्पारावांना वाचता यावं म्हणून अर्ज इंग्रजीत लिहिणं भाग होतं. ‘मराठीच्या शिकवण्याबद्दल पालकांत तीव्र नाराजी आहे,’ हे वाक्य जमल्यावर शिवराजनी ते अनुराधाला दोनदा वाचून दाखवलं. मग स्कूटर काढली. शाळेत मराठी घेतलेली मुलं होती एकोणीस. दोन दिवसांत एकोणीस घरांच्या सह्या झाल्या. त्या वाक्यापुढे, यमकापर्यंत, कोणी वाचलंच नाही. बरकतपुऱ्यातल्या दिलीप नावाच्या गृहस्थांनी तर सही करून वर सरबत पाजलं. “हौ हौ, लिहाच तुम्ही. लई डोक्याला ताप आहे त्या मराठीचा.” विजयनीसुद्धा सही केली, तीही खिशातलं पेन काढून.

“लोकांत अजून भाषेची चाड आहे,” घरी आल्यावर शिवराज भारावून म्हणाले.

“गणपतीच्या मीटिंगला चार माणसं येत नाहीत,” अनुराधा म्हणाली. “आणि यमकासाठी एकोणीस?”

शिवराज सह्या पुन्हा मोजू लागले.

शनिवारी पालकांची सभा भरली. अप्पाराव उठले आणि त्यांनी दोन निर्णय वाचले. पहिला, कुमारी रेणू उदगीरकर हिला अर्धा मार्क वाढवून देण्यात येत आहे. शिवराज ताठ बसले. दुसरा, पालकांची एकमुखी नाराजी लक्षात घेऊन जूनपासून शाळेत मराठी बंद करण्यात येत आहे. त्या तासाला कॉम्प्युटर शिकवला जाईल.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

“अहो, माझा अर्ज असा नव्हता!” शिवराज उभे राहिले.

अप्पारावांनी कागद उंच धरला. “तीव्र नाराजी. ये आपका ही लिखा हुआ है ना, साब?”

होतं खरं. शिवराज बसले. विजय मागच्या रांगेतून येऊन त्यांचा हात दाबत म्हणाले, “बरं केलंत. आम्हीच मागणी करणं वाईट दिसलं असतं हो, पुण्याचे म्हणून. चौऱ्याण्णव साल आहे, मुलांनी कॉम्प्युटर नाही शिकायचा तर कधी?” मागोमाग दिलीप आले, मग इतर. सगळे आभार मानत होते.

गर्दी ओसरल्यावर सावित्रीबाई मार्कांचं रजिस्टर घेऊन आल्या. साडेअठ्ठेचाळीस खोडून शेजारी सुबक एकोणपन्नास लिहिलं होतं.

“बाई, मला असं नको होतं.”

“माहीत आहे मला. इथे सही करा. रजिस्टर आज ऑफिसात द्यायचं आहे.”

शिवराजनी सही केली.

घरी रेणू दारातच उभी होती. मार्क वाढल्याचं ऐकून तिने मान डोलावली. मराठी बंद झाल्याचं ऐकलं, तेव्हा मात्र तिचे डोळे मोठे झाले.

“सच्ची? जूनपासून बिलकुल नाही?”

“नाही,” शिवराज बूट काढत म्हणाले.

तिने बापाच्या गळ्याला मिठी मारली आणि चप्पल न घालताच गल्लीत धावली. तिचा आवाज पार कोपऱ्यावरच्या घरापर्यंत ऐकू गेला :

“मेरे पप्पा मराठी बंद करा दिए!”