नाना गुडघ्याच्या वर बघत नसत

नाना पिलणकर माणसाला पायांवरून ओळखत. बाजारपेठेत समोरून कुणी आलं की त्यांची नजर आधी चपलांवर जाई, तिथून घोट्यापर्यंत चढे आणि ओळख पटली की तिथूनच बोलणं सुरू होई. आमची ओळख चार वर्षांची झाली असेल, तेव्हा मी पहिल्यांदा बूट घेतले. पुढचे पंधरा दिवस नाना माझ्या शेजारून अनोळख्यासारखे जात होते. शेवटी मीच हाक मारली.

"असा होय!" बुटांकडे बघत ते म्हणाले. "आदी सांगायचा नाय काय? मला वाटला कोण नवीन साहेब आला."

नाना मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं साखळी आणि खुंट्या घेऊन लोकांच्या हद्दी मोजल्या. भावाभावांची भांडणं रोज कानावर पडत, पण त्यांनी मान वर केली नाही. "तोंडा बगितली की मोजणी चुकते," असं ते सांगत. निवृत्तीनंतर हीच शिस्त त्यांनी कबड्डीला लावली.

मी तेव्हा मुंबईच्या एका दैनिकाचा रत्नागिरीचा बातमीदार होतो. क्रिकेटचा विश्वचषक भारताने जिंकून दोन वर्षं झाली होती आणि पोरं नारळाच्या झावळीची बॅट करून खेळू लागली होती. तरी मे महिन्यात मुंबईकर गावी आले की मैदानं कबड्डीचीच भरत. नाना प्रत्येक सामन्याला सर्वांच्या आधी हजर. खिशात टेप. आखलेलं मैदान ते पुन्हा मोजत. एकदा मध्यरेषा चार बोटं सरकलेली निघाली. प्रमुख पाहुणे भाषणाला उभे राहिले होते. त्यांना खाली बसवून नानांनी रेषा पुसायला लावली. मैदान आखायच्या त्या पांढऱ्या भुकटीला आमच्याकडे फक्की म्हणतात. नानांचं एक ठरलेलं वाक्य होतं : "फक्की कुणाची मेव्हणी नाय." म्हणजे तिथे थट्टामस्करी आणि लाडीगोडी चालणार नाही.

सामना सुरू झाला की ते कोपऱ्यात उकिडवे बसत आणि खेळाडूंचे फक्त पाय बघत. कोण जिंकलं हे त्यांना नंतर विचारून घ्यावं लागे. पण कुणाचा अंगठा केव्हा रेषेला लागला, हे पंचांच्या आधी त्यांना कळे. पाय चुकून पडला की मुद्दाम टाकला, तेही आपल्याला ओळखता येतं, असा त्यांचा दावा होता. "मुद्दामचा पाय सपाट पडतो. चुकीचा पाय कडेवर पडतो." मी हे पुष्कळदा ताडून पाहिलं. नाना चुकल्याचं मला आठवत नाही.

त्यांच्या वाडीच्या संघात मनोहर नावाचा चढाईपटू होता. वय सव्वीस. लाकडाच्या वखारीत आंब्याच्या पेट्या ठोकायचा. मुंबईतल्या एका कंपनीने त्याला संघासाठी चाचणीला बोलावलं होतं. चाचणी जमली की नोकरी, कायमची. त्या मे महिन्यातली मांडवीची स्पर्धा त्याने जिंकून द्यावी आणि मग मुंबई गाठावी, असं वाडीने ठरवून टाकलं होतं.

अंतिम सामना मुंबईहून आलेल्या एका पाहुण्या संघाशी होता. दोन मिनिटं उरली असताना पंचांनी मनोहरला बाद दिलं. त्यावरून बाचाबाची झाली, दोन्हीकडचे खेळाडू पंचांभोवती जमले. दुसऱ्या क्षणी पंच जमिनीवर आणि त्यांचा चष्मा कुणाच्या तरी टाचेखाली. सामना तिथेच थांबला.

स्पर्धेच्या समितीने चौकशीला बसून विचारलं, धक्का कुणी दिला? वीसजणांनी वीस दिशांना पाहिलं. नाना उठले.

"दोगांनी दिला. एक आमचा मनोहर. दुसरा पावण्यांचा."

मागून वाडीतला कुणीतरी ओरडला, "नाना, गप बसा वो!"

"दुसऱ्याचं नाव सांगा," समितीचे अध्यक्ष म्हणाले.

"नाव नाय म्हायत."

"बरं, बनियनवरचा नंबर?"

"नंबर वर असतो," नाना म्हणाले. "उजव्या पायाच्या करंगळीला नक नाय. डाव्या घोट्यावर काळा दोरा. धक्का देताना टाच उचलली होती. मुद्दामचा धक्का."

मांडव हसला. पाहुणा संघ तोवर संध्याकाळची गाडी पकडून गेला होता. समितीने त्यांच्या मंडळाला पत्र पाठवलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं : आमच्याकडे खेळाडूंच्या नखांची नोंद ठेवली जात नाही. मनोहरवर एक वर्षाची बंदी आली. अधिकृत सामना नाही आणि नोंदलेल्या खेळाडूंबरोबर सरावही नाही. जो त्याच्याबरोबर उतरेल त्याच्यावरही कारवाई. कंपनीने कळवलं, बंदी संपली की या, तेव्हाचा खेळ बघून ठरवू.

पुढचे दोन महिने बाळूच्या सलूनमध्ये दुसरा विषय नव्हता. बाळू हातात वस्तरा घेऊन वाद घालत असल्यामुळे गिऱ्हाइकं शक्यतो त्याच्या बाजूने बोलत. त्याची बाजू साधी होती : मुंबईवाला सुटला, मग आमच्यावरच बंदी का? उठवा ती.

"उटवायची नाय," नाना पायऱ्यांवरून म्हणाले. "दुसऱ्याला पण लावायची."

"अवो, तो सापडत नाय ना!"

"म्हणून यानं दिलेला धक्का ग्वाड झाला काय?"

"मग गप बसायचात. तुमी बोल्लात म्हणून पोरगा आडकला. दोगं सुटले असते."

"दोगं सुटले असते," नाना म्हणाले, "आनि पंच पडला तो वाऱ्यानं?"

"नाना, तुमी वाडीचे की पंचाचे?"

"मी रेषेचा."

"मग रेषेकडंच दाढी करा," बाळू म्हणाला आणि सलूनचं दार लोटून घेतलं. नानांनी खरोखरच त्यानंतर दाढी घरी केली. ती नीट होत नसे; घरी बघणारं कुणी नव्हतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगा डोंबिवलीला. वाडीने बोलणं टाकलं. सत्यनारायणाचा प्रसाद तेवढा घरी पोचवला जाई, तोही मुलांच्या हातून.

नाना मात्र शोधाला लागले. गणपतीपुळ्याला जाऊन त्यांनी समुद्रावर आलेल्या मुंबईकरांचे पाय दोन दिवस तपासले. तिथे एका कुटुंबाने त्यांना चप्पलचोर समजून देवळाच्या माणसाकडे नेलं. मग दिवाळीनंतर कळलं की तोच पाहुणा संघ मंडणगडला खेळायला येतोय. नाना पहाटेच्या गाडीने निघाले, दिवसभर हाडं खिळखिळी करून घेत पोचले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. मी स्टँडवरच भेटलो.

"सापडला?"

नाना बराच वेळ माझ्या बुटांकडे बघत राहिले. "क्यानव्हासचे बूट घालून खेळले, मेले. सगळेच्या सगळे."

मी हसलो. मग लक्षात आलं, ते हसत नाहीत.

"बाळू बोल्ला तो काय खोटा नाय," ते म्हणाले. "मी अर्दाच खरा सांगितला. बाकीचा अर्दा वरती होता. मान जरा वर केली असती तर..." वाक्य अर्धं टाकून ते घराकडे चालू लागले.

जानेवारीत समितीकडे एक निनावी तक्रार गेली. बंदी असलेला मनोहर रोज सकाळी चोरून सराव करतो आणि त्यात खुद्द नाना पिलणकर सामील आहेत. सलूनमध्ये आनंदीआनंद झाला. "बगा, रेषेचा मानूस!" बाळू म्हणाला. अध्यक्षांनी मला फोन केला. छापण्याआधी तुम्ही स्वतः बघून या, म्हणाले. मला बातमी चांगली वाटत होती. बंदीचा पुरस्कर्ताच बंदी मोडतो, असा मथळाही मनात तयार झाला होता.

पावसच्या रस्त्याला नानांच्या मावसभावाची आंब्याची बाग आहे. सात वाजता मी बागेच्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, अलीकडे थांबलो. झाडांखाली लाल माती चोपून केलेलं मैदान होतं. फक्कीच्या रेषा अशा सरळ, की मी तरी कुठल्या स्पर्धेत पाहिल्या नव्हत्या. एका बाजूला मनोहर. दुसऱ्या बाजूला आंब्याच्या सहा रिकाम्या पेट्या उभ्या करून ठेवलेल्या आणि सातवे नाना. अर्धी चड्डी, गंजीफ्रॉक, वय एकसष्ट.

मी पुढे झालो. नानांनी बूट पाहिले.

"छापायला आलात? छापा. नोंदलेल्या खेळाडूंबरोबर सराव करायचा नाय, असा आदेश हाय. पेटी नोंदलेली नाय." मग जरा थांबून म्हणाले, "मी पन नाय. मला कुणी कदीच संगात घेतला नाय."

मी गडग्यावर बसलो. मनोहर दम घुमवत आला, पेटीला हात लावून परतला. नानांनी ती पेटी उचलली आणि शिस्तीत बाहेर नेऊन ठेवली. पुढच्या चढाईत दुसरी पेटी गेली. तिसऱ्या चढाईत नानांनी मनोहरच्या घोट्यावर झेप टाकली. बोटं घोट्याला लागली, पण हातात मातीच आली; मनोहर मध्यरेषेपार झाला. नाना उठले, गुडघा चोळला, एक हात वर केला आणि स्वतःच बाहेर जाऊन दोन पेट्यांच्या शेजारी बसले.

"नाना, या आत," मनोहर म्हणाला.

"कसा येऊ? तू बाद झाल्याशिवाय आमचा कोन जिता व्हत नाय. आनि झाला तरी माज्या आदी दोन हायत."

समोर चार पेट्या उरल्या होत्या. पेट्या कुणाला पकडत नसतात. मनोहरने क्षणभर विचार केला, दम घेतला, चढाईला आला आणि पेट्यांना वळसा घालून पाय शेवटच्या रेषेपलीकडे टाकला. मला गडग्यावरून दिसलं. पाय अगदी सपाट पडला होता.

नाना त्या पायाकडे बघत राहिले.

"बाद," ते हळू म्हणाले. उठून त्यांनी पहिली पेटी आत नेऊन उभी केली आणि परत येऊन बसले.

मनोहर पुन्हा आला. पुन्हा सपाट पाय. "बाद." दुसरी पेटी आत गेली.

तिसऱ्यांदा आला, तेव्हा त्याने पाय रेषेपलीकडे ठेवून तो तसाच राहू दिला. नाना म्हणाले, "बाद," आणि या वेळी आवाज जरा मोठा लागला. गंजीफ्रॉक झटकून ते रेषा ओलांडून आत आले, आपल्या कोपऱ्यात उभे राहिले. पकडीला उभे राहताना खेळाडू शेजाऱ्याचा हात धरून साखळी करतात. नानांनी शेजारच्या पेटीची वरची फळी घट्ट धरली, थोडे वाकले आणि म्हणाले, "ये."