किमान दराचा गेमिंग कॉम्प्युटर

खरेदी कशी करावी हे मला कुणी शिकवू नये! एका सरकारी कार्यालयाच्या भांडार विभागात मी अख्खी नोकरी काढली आहे. टाचणीपासून जीपपर्यंत सगळं घेतलं, आणि ऑडिटचा एक शेरा नाही. घेतलेली जीप चालली का, हा प्रश्न वेगळा.

त्यामुळे आमच्या मृणालीने "बाबा, गेमिंगला पीसी हवाय, पण बजेटमध्ये," म्हटल्यावर मला स्फुरण चढलं. ती खेळते त्या गेममध्ये शंभर जण एका बेटावर उतरतात आणि एकमेकांना गोळ्या घालतात. उरेल तो जिंकला. येत्या रविवारी घरूनच निवडफेरी होती. पहिल्या दहांत आली तर पुण्याच्या संघात जागा, नाही तर निमूटपणे तलाठी भरतीचा क्लास, असं आमचं ठरलं होतं. क्लासच्या नावानेच पोरीचा चेहरा उतरायचा.

कोणते पार्ट घ्यायचे ते तिने ठरवूनच ठेवलं होतं. सगळे मारुती मंदिराजवळ निलेशच्या दुकानात मिळत होते.

"एकाच दुकानातून?" मी हसलो. "अगो, ही अनियमितता झाली. प्रत्येक वस्तूला तीन दुकानांचे दर मागवायचे. ज्याचा दर किमान, त्याची वस्तू."

"बाबा, पार्ट एकमेकांना जुळावे लागतात."

"जुळतात. ऑफिसात आम्ही टेबल एकाकडून घेतो, खुर्ची दुसऱ्याकडून."

"आणि त्या टेबलाखाली तुमचे गुडघे अडकतात."

मी तिकडे दुर्लक्ष केलं. प्रोसेसर चिपळूणहून आणला, मदरबोर्ड राम आळीतून, ग्राफिक्स कार्ड कुणीतरी वापरून विकायला काढलेलं. कॅबिनेट तर अलोरे गावच्या माझ्या भाच्याने माळ्यावरून फुकटच काढून दिलं. यापेक्षा किमान दर कुठला? सगळं पिशवीत भरून मी विजयी मुद्रेने निलेशकडे जोडायला नेलं.

"काका, हा प्रोसेसर ह्या बोर्डावर बसत नाही. कंपन्याच वेगळ्या."

"दर दोघांचेही किमान आहेत."

"असतील ओ. पण बसत नाही."

"जरा घासून बघ की."

निलेशने माझ्या हातातला प्रोसेसर हळूच काढून घेतला आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

शेवटी दुसरा बोर्ड त्याच्याकडूनच घ्यावा लागला. पहिला मी राखीव साठा म्हणून कपाटात ठेवला. मग कळलं की ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटपेक्षा लांब आहे. मी करवत सुचवली. कॅबिनेट कापायचं की कार्ड, हे निलेशने विचारलंसुद्धा नाही, त्याने कॅबिनेटची एक बाजूच काढून टाकली. पिशवीतून पडवळ डोकावावं तसं कार्ड बाहेर आलं.

घरी येऊन बटण दाबलं आणि यंत्राने भातगिरणीसारखा आवाज केला. उघड्या बाजूने गरम वाऱ्याचा झोत सुटला. पण गेम चालला!

"बाबा, खरंच चालतोय हो!" मृणालीचे डोळे चमकले. मला फार बरं वाटलं.

रविवार उजाडला तो मळभ घेऊनच. फेरी सुरू झाली. मृणाली बेटावर उतरली, धावत एका झुडपामागे जाऊन बसली, आणि पडद्यावरचं चित्र थिजलं. माउस हलेना, कीबोर्ड दाद देईना. समोर नुसतं झुडूप.

"गेलं सगळं, बाबा," ती म्हणाली. तिला रडूच फुटलं.

मी यंत्रामागे वाकून पाहिलं. उघड्या बाजूला चिकटून कोकमाच्या सालांनी भरलेली दोन सुपं उभी! गरम वाऱ्याला बाहेर पडायला फटसुद्धा उरली नव्हती.

"दमयंती, हे काय?"

"आमसुलं," आमची बायको शांतपणे म्हणाली. "उन्हाचा पत्ता नाही, सालं बुरसायला लागली होती. अहो, एवढा गरम वारा फुकट जात होता."

माझंच शिक्षण!

एवढ्यात मृणालीच्या मैत्रिणीचा, श्रद्धाचा फोन आला. ती मोबाइलवर फेरी बघत होती. "मृणाली, तू जिवंत आहेस! अर्धे मेले. तू झुडपामागे आहेस ते कुणाला दिसतच नाहीये. हलू नकोस!"

हलायचं म्हटलं तरी कसं हलणार? दमयंती सुपं उचलायला वाकली.

"हात लावू नकोस!" मी ओरडलो. यंत्र भानावर आलं आणि पोरगी झुडपाबाहेर पडली तर? मी स्वतः सुपांवर पहारा देत बसलो.

बाकीचे एकमेकांना टिपत राहिले. "वीस उरले," श्रद्धा सांगत होती. "बारा... मृणाली, दहा!" मग कुणीतरी झुडपावर सहज एक गोळी झाडली. मृणाली दहावी आली होती.

"परीक्षक म्हणाले, ह्या मुलीचा संयम बघा," श्रद्धाने सांगितलं.

मृणाली डोळे पुसत हसायला लागली. "बाबा, मी काहीच केलं नाही हो."

"बापावर गेलीस," दमयंती सालं उलटी करत म्हणाली. "ऑफिसात सगळे आपसात भांडले. कुणाची बदली झाली, कुणी सस्पेंड झाला. हे आपले जागचे हलले नाहीत, आणि भांडारप्रमुख झाले."

दोघी माझ्याकडे बघून हसत राहिल्या. तुम्हाला म्हणून खरं कारण सांगतो. माझे गुडघे त्या टेबलाखाली अडकलेले असायचे.