हिरामणची झोपेतली चढाई

"पायाचं काय घेऊन बसलात? माघातल्या सामन्यात पहिली चढाई माझीच!" हिरामण गर्जायचा. गर्जायचा मात्र खाटेवरूनच!

महाराष्ट्र राज्य झालं त्या साली हुतूतू खेळताना त्याच्या गुडघ्याचा आतला बंध तुटला. मुंबईच्या डॉक्टरांनी तो शिवला, पुढं प्लास्टर काढलं आणि बजावलं, "आता पाय टेका, चाला." पण हिरामण पडला कोळ्याचा पोर. सांधलेलं जाळं ओढ बसली की नेमकं कुठं उसवतं, हे त्याला पक्कं ठाऊक! पाय टेकायचं नाव काढलं की तो कुबडीला तान्ह्यासारखा बिलगायचा.

"अवो, एकदा टेकून तर बघा," बायको राही मांडीवरल्या लेकीला थोपटत म्हणायची.

"उद्या!"

तो उद्या काही उजाडेना. दोन तान्ही सांभाळतेय मी, राही मनात म्हणायची.

शेवटी आईनं, भागुबाईनं, त्याची खाट वाळवणात नेऊन टाकली. "बसून ऱ्हातोस तर कावळे तरी हाकल!" वाळूत एक रेघ होती. अलीकडे भागुबाईचे बोंबील, पलीकडे शेजारणीचे, सोनूबाईचे. ऊन कोवळं, वारा खारा, बांबूंच्या वलांडीवर बोंबील कसे पाळण्यात घातल्यासारखे झुलताहेत... हिरामणची पापणी मिटली. बोंबलांचे गडी झाले, लाटांच्या टाळ्या झाल्या, आणि ओठांवर हळूच उमटलं, "हुतूतूतूतू..."

झोपेतच स्वारी उठली! रेघ ओलांडली आणि टोपली घेऊन उभ्या सोनूबाईच्या खांद्याला हात लावला.

"अगो बाय! माजे बोंबील चोरतोय!"

तिच्या दोन्ही सुना धावल्या. पण हुतूतू कानी पडल्यावर या गावात कुणाचे हात गप्प राहतात? चोर राहिला बाजूला! एकीनं कंबर धरली, दुसरीनं त्याचा चांगला पाय!

"रेघंला ये हिरामणा, रेघंला!" इकडून भागुबाई ओरडली.

वलांडी कलंडली, बोंबलांचा पाऊस पडला. शिवलेल्या पायावर सगळा भार टाकत, दोन सुनांना फरफटत हिरामणनं रेघेला हात लावला. तेव्हा कुठं त्याचे डोळे उघडले!

"बाद! दम कवाच गेलता!" सोनूबाई म्हणाली.

"न्हाय गेला!" भागुबाईनं पदर खोचला.

"वीतभर आधी गेला! माजे कान हायत!"

"काकी, खोटं बोलू नको!" हिरामण ताडकन उठला. "ये, दाखवतो कुठवर होता दम!" आणि तणतणत सोनूबाईच्या वलांडीपर्यंत गेला, रेघेपर्यंत आला, पुन्हा गेला.

कुबडी खाटेखाली पडून होती. गलका ऐकून धावत आलेल्या राहीनं ती पाहिली. तिचे डोळे भरून आले, बोलायला ओठही उघडले. मग तिनं ते शहाण्यासारखे मिटून घेतले.

सांगितलं असतं, तर हा बाबा पुन्हा खाटेवर जाऊन बसला असता!