शिळं न चालणारे आबा

आमच्या ऑफिसातले आबा सकाळी कॉम्प्युटरवर जे जे बसवतात, ते संध्याकाळी काढून टाकतात आणि मगच घरी जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवतात.

जळगावात आमचं चार टेबलांचं ऑफिस आहे. शेतातल्या ठिबकचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारं-बंद करणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो. आबा धुळ्याला पॉलिटेक्निकात शिकवून निवृत्त झाले आणि उरलेलं ज्ञान आमच्यावर सोडायला इकडे आले.

कोड म्हणजे नुसतं पीठ. त्याची भाकर करायला, म्हणजे चालणारं सॉफ्टवेअर बनवायला, वेगळी अवजारं लागतात. बाकी जग ती एकदा बसवतं आणि विसरून जातं. आबा मात्र माउसला न शिवता काळ्या स्क्रीनवर एकेक अक्षर टाइप करून ती रोज बोलावतात आणि संध्याकाळी तशीच एकेकाची पाठवणी करतात. आपल्या मशीनवर दिवसभरात तयार झालेली भाकरही पुसून टाकतात, पीठ तेवढं ठेवतात. "आबा, राहू दिलं तर काय बिघडेल?" असं विचारलं, की म्हणतात, "शिळं शे ते, भाऊ." यात सकाळचा पाऊण तास जातो. तोवर आम्ही निवांत चहा पितो, त्यामुळे या शिस्तीविरुद्ध ऑफिसात कोणी फारसं बोलत नाही.

दुपारी ठीक एकला त्यांच्या स्क्रीनवर एक चौकट उघडते. आबा त्यात काहीतरी टाइप करतात आणि मग स्वतः केलेला डबा उघडतात. चौकट आल्याशिवाय घास नाही. स्क्रीन भिंतीकडे वळवलेली, त्यामुळे आत काय लिहिलंय ते आम्हाला दिसत नसे. आबांना भूकसुद्धा कमांड दिल्यावरच लागते, असं मीच सगळीकडे पसरवलं होतं.

एकदा आबा दुपारीच भडगावला लग्नाला निघाले. जाताना मला म्हणाले, "बठ्ठं साफ करी ठेव." सगळं साफ करायचा एवढा मान मला पूर्वी कधी मिळाला नव्हता. मी एकेक अवजार काढलं. शेवटी कॉम्प्युटरनेच सांगितलं, की एका अवजाराची फार जुनी आवृत्ती पडून आहे, ती आता कोणालाच लागत नाही, काढू का? मी ऐटीत 'हो' दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा टाइप करता करता थांबले. एक वाजला. चौकट आली नाही. तीन वाजले तरी डबा बंदच.

"आबा, जेवत का नाही?"

"एक जुनं अवजार व्हतं. कोनी काढं?"

"मीच. कोणालाच लागत नाही, असं लिहून आलं होतं."

"माले लागस ना रे."

त्यांनी पहिल्यांदाच स्क्रीन माझ्याकडे वळवली. दहा ओळींचा एक प्रोग्रॅम होता; एकची चौकट उघडायची ती त्याचीच. निवृत्तीनंतर आबांनी अक्कांना, म्हणजे आपल्या बायकोला, घरी कोडिंग शिकवलं होतं. अक्कांनी आयुष्यात लिहिलेला हा एकच प्रोग्रॅम. त्यात चार चुका होत्या. जुनं अवजार त्या चुका चालवून घ्यायचं, नवी अवजारं घेत नाहीत, आणि आबा त्या दुरुस्त करत नाहीत. ते जुनं आता सहज मिळत नाही, म्हणून तेवढं एकच आबा संध्याकाळी काढत नसत. अक्का जाऊन तीन वर्षं झाली. आबा तो प्रोग्रॅम रोज सकाळी ताजा करायचे.

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. ती आवृत्ती शोधायला तासभर गेला. मिळाल्यावर मी एकेक अक्षर टाइप करून ती बसवली आणि पुन्हा कोणी काढू नये अशी खूण केली. प्रोग्रॅम तयार झाला, पण तो दुपारी एक वाजताच बोलणारा, आणि वाजले होते सव्वाचार. मी आबांकडे न बघता कॉम्प्युटरचं घड्याळ एकला एक मिनिट कमी, इतकं मागे नेलं.

चौकट उघडली. 'जेवनात का?'

आबांनी सावकाश टाइप केलं, 'आते बसस.' मग डबा उघडला आणि अर्धी भाकर माझ्यापुढे सरकवली.