टिकाव नही

उखा मास्तर दोरी चाटून पाहत. स्वतःची तर पाहतच, पण दुसऱ्याचीही पाहत. पोहऱ्याचा दोर असो, बैलाचा कासरा असो, नाहीतर वाण्याच्या दुकानातली पुड्या बांधायची सुतळी असो. दोरी दिसली की मास्तर तिचं टोक जिभेला लावत, डोळे मिटून थोडं थांबत आणि मग दोन्ही मुठींत धरून असा हिसका देत की निम्म्या वेळा ती तुटे. तुटली की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरे. "टिकाव नही," असं म्हणून ते दोन्ही तुकडे मालकाच्या हातात ठेवत.

माझी त्यांची ओळख अशीच झाली. तापीकाठच्या प्रकाशा गावच्या शाळेत मी नवा मास्तर म्हणून रुजू व्हायला निघालो होतो. नंदुरबारला गाडीतून उतरलो, बैलगाडीने तापीच्या काठापर्यंत आलो आणि नावेत बसलो, तर समोरचा काळी टोपी घातलेला किडकिडीत गृहस्थ माझ्या वळकटीकडे टक लावून बसलेला. मला वाटलं, चोर असावा. पैलतीरी उतरल्याबरोबर त्याने न विचारता वळकटीच्या दोरीचं टोक तोंडात घातलं, हिसका दिला, आणि माझी गादी, दोन धोतरं आणि आईने दिलेला चिवडा तापीच्या वाळूत पसरला. मग हात जोडून तो शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाला, "मी तिसरीचा वर्गशिक्षक. आपण नवे गुरुजी असणार." गादी मात्र त्यानेच डोक्यावर घेऊन माझ्या खोलीवर पोचवली. चिवड्याचं त्याने नाव काढलं नाही.

मास्तर वर्गात पुस्तकी मराठी बोलत आणि वर्गाबाहेर अहिराणी. पण दोरीचा विषय निघाला की वर्ग काय आणि बाहेर काय, सगळीकडे अहिराणीच. या वेडाचं मूळ होतं मासे धरण्यात. नदीकाठी जन्मलेला माणूस. सुट्टी मिळाली की गळ घेऊन घाटाच्या खालच्या डोहावर जाऊन बसे. गळाची दोरी ते स्वतः वळत. सुताचे दोन पदर मांडीवर ठेवून तळव्याने पीळ द्यायचा, मग दोरी बाभळीच्या सालीच्या काढ्यात उकळायची आणि सावलीत वाळवायची. इथवर सगळं ठीक होतं. खरा घोळ होता तो घरात ठेवून दिलेल्या जुन्या दोरीचा. गेल्या सालची दोरी यंदा पाण्यात टाकावी की नाही, यावर मास्तर शाळेची घंटा होऊन गेली तरी बोलत राहत. आधी वास घ्यायचा. कुबट आला तर विषय संपला. मग जिभेला लावायची. आंबट लागली तर आतून कुजली. मग ताणून बोटाने छेडायची आणि कान द्यायचा. शेवटी ओली करून हिसका, कारण "कोरडी दोरी खोटं बोलस." एवढं सगळं करून निकाल ठरलेलाच असे. एक पावसाळा पाहिलेल्या कुठल्याही दोरीला मास्तरांनी पास केल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं.

शाळेच्या घंटेची दोरी त्यांनी अशीच, साहेब तपासणीला यायच्या दिवशी सकाळी, निकालात काढली. दिवसभर शिपाई स्टुलावर चढून दगडाने घंटा बडवत होता. हेडमास्तर लालबुंद झाले. मास्तर शांतपणे म्हणाले, साहेबांसमोर तुटली असती, मी आधीच तोडून शाळेची अब्रू राखली. गल्लीतल्या बायका तर त्यांना येताना पाहिलं की वाळत घातलेल्या कपड्यांसकट दोरी घरात नेत. त्यांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या वहिनींनी, मला एकदा भाकरी वाढता वाढता सांगितलं, "लगीनमा मन्हा मंगळसूत्रना दोराबी चाखी पाहा यास्नी." मी विचारलं, मग काय निकाल दिला? तर वहिनी हसल्या आणि चुलीकडे वळल्या.

पुढे त्यांच्या नादाने मलाही गळ टाकायचा छंद लागला. माझ्या खोलीच्या माळ्यावर आधीच्या भाडेकरूची एक दोरी सापडली, काडीवर गुंडाळलेली, धुळीने माखलेली. ती वापरावी का, म्हणून मी मास्तरांकडे नेली. त्यांनी वास घेतला, चाटली, छेडली आणि मान हलवली. पाया पडून मी हिसका तेवढा टाळला. दुसऱ्या दिवशी त्यांना न सांगता तीच दोरी डोहात टाकली आणि चांगला हातभर लांब मासा काढला. तो त्यांच्याच घरी शिजला. मास्तरांनी दोनदा रस्सा मागून घेतला. जेवण झाल्यावर मी दोरीचं खरं ते सांगितलं. त्यांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि म्हणाले, "टिकाव नव्हताच. मासाले माहीत नव्हतं."

अशा माणसाच्या घरात, देवघराशेजारच्या कोनाड्यात, बांबूच्या नळीवर गुंडाळलेली एक दोरी होती आणि ती म्हणे त्यांच्या लग्नाच्याही आधीची होती. मला आधी थट्टाच वाटली. पण मास्तर गंभीर होते. ही दोरी त्यांच्या थोरल्या बहिणीने वळलेली. लहानपणी दोघं डोहावर बरोबर बसत. गळ टाकण्यात आक्का भावापेक्षा वरचढ. तिचं लग्न होऊन ती खांडबाऱ्याला गेली, निघताना ही नळी भावाच्या हातात दिली आणि म्हणाली, "मन्ही दोरी सांभाळजो. मी आखाजीले येसू."

आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. आक्काही पहिली काही वर्षं आली. मग मास्तरांच्या लग्नात गडबडीत मेहुण्यांना दुसऱ्या पंगतीला बसवलं गेलं. मेहुणे जेवले, उठले आणि बायकोला घेऊन गेले ते गेलेच. त्यानंतर आक्काचं माहेर बंद. खांडबारा काही काळ्या पाण्यावर नाही, नंदुरबारहून गाडीत बसलं की थोड्या वेळात येतं. मास्तर दर वर्षी तिला आणायला जात. मेहुणे पहिल्या पंगतीचं जेवण घालून त्यांना एकट्यालाच परत पाठवत.

तेवढं सांगून त्यांनी नळी माझ्या हातात दिली. मी दोरी भिजवून ओढली. नव्यासारखी ताठ. इतक्या वर्षांची दोरी आणि कुबट वास नाही, आंबटपणा नाही. याचं रहस्य काय म्हणून विचारलं, तर मास्तर दुसरीकडे पाहत म्हणाले, "सावली आन बाभूळनी साल." मला खरं वाटलं. पण त्यांचा जीव त्या नळीत अडकलेला आहे, एवढं मला कळत होतं. उद्या आक्का आली आणि दोरी कुजलेली निघाली तर या माणसाला ते सोसणार नव्हतं.

आखाजीला मास्तरांची आणखी एक ड्युटी असे. शाळेमागच्या निंबाला पोरी झोका बांधत आणि मास्तर कोट-टोपीसकट आधी स्वतः त्यावर लोंबकळून घेत. दोरी बहुधा नापास होई. पोरी वैतागत, आया शिव्या देत, आणि मास्तर नवा दोर आणायला स्वतः बाजारात पळत.

मग एका वर्षी मेहुण्यांच्या मुलाचं लग्न झालं. व्याह्यांच्या गावी खुद्द मेहुण्यांनाच दुसऱ्या पंगतीत बसावं लागलं, आणि त्यात माणूस मरत नाही हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्या आखाजीला मास्तर खांडबाऱ्याहून परतले ते आक्काला घेऊनच.

केस पिकलेली, सावळी, भावासारखीच किडकिडीत बाई. चहा घेतल्या घेतल्या तिने नळी मागितली आणि आम्ही तिघं डोहावर गेलो. आक्का दगडावर बसली, डाव्या हाताने दोरी सोडू लागली आणि चारेक हात सोडून थांबली. चिमटीत धरून तिने दोरी फिरवून पाहिली. पुन्हा पाहिली. माझ्या काही ध्यानात येईना.

"उखा, मी डावरी शे," ती म्हणाली. "मन्हा पीळ डावा पडस. हाऊ उजवा शे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दोरीचे सगळे दोष जिभेने ओळखणारा हा माणूस पिळाची दिशा विसरला होता. आक्काची दोरी कधीच कुजून गेली होती. मास्तर त्याच नळीवर स्वतःच्या हाताने नवी वळून ठेवत होते. ते पाण्याकडे बघत राहिले. मला त्यांची इतकी कीव आली की उठून जावंसं वाटलं.

"कितली येळ बदली तू?" आक्काने विचारलं.

"तू जितली आखाजी माहेरी उनी नही, तितली येळ."

आक्काने पदराने तोंड पुसलं, त्याच दोरीला गळ बांधला आणि पाण्यात सोडला. मासा काही लागला नाही. दोघं ऊन चढेपर्यंत बसून राहिली.

दुपारी आम्ही परत आलो तेव्हा निंबाला झोका बांधून पोरी खोळंबल्या होत्या. आक्का ओसरीवर सुताचे दोन पदर घेऊन डाव्या पोटरीवर पीळ देत बसली आणि मास्तर तिच्या शेजारी सूत धरून बसले. शेवटी एक पोरगी बोलवायला आली. मास्तर, दोरी बघायला येत नाही का, आम्ही केव्हाच्या थांबलोय.

मास्तरांनी हातातलं सूत सोडलं नाही. "झोका घ्या," ते म्हणाले. "टिकी आज."